पासवर्ड बरोबर, तरी फाइल उघडेना: घरगुती एन्क्रिप्शन टूलचं नेहमीचं दुखणं

कॉलेजचा मिनी-प्रोजेक्ट असो, नाहीतर ऑफिसात पगारपत्रकं पाठवायला कुणीतरी लिहून ठेवलेली शंभर-दीडशे ओळींची पायथन स्क्रिप्ट असो, तक्रार एकच असते. काल एन्क्रिप्ट केलेली फाइल आज उघडत नाही, आणि पासवर्ड तर तोच आहे. ओपनएसएसएल हे कमांडने चालणारं एन्क्रिप्शन टूल वापरलं असेल तर पडद्यावर ‘बॅड डिक्रिप्ट’ येतं. पायथनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी असेल तर ‘इनव्हॅलिड टॅग’ नावाचं एक्सेप्शन येतं, आणि त्याच्या पोटात मजकूर काहीच नसतो. त्यामुळे ज्यांनी ‘एरर’ छापून पुढे एक्सेप्शनचा मजकूर छापायची ओळ लिहिली आहे, त्यांना कोलनपुढे नुसती कोरी जागा दिसते. मग माणूस तोच पासवर्ड पुन्हा टाकतो, आणखी सावकाश, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत.

त्याने काही साधत नाही. या दोन्ही एररचा अर्थ एवढाच की हे बाइट आणि ही किल्ली (पासवर्डवरून टूल काढतं तो गुप्त आकडा) एकमेकांशी जुळत नाहीत. कोण चुकलं हे टूल सांगत नाही, आणि त्याला ते कळतही नाही. चूक तीनच जागी असू शकते: वाटेत फाइलचे बाइट बदलले, तुम्ही टाइप केला तो पासवर्ड टूलपर्यंत तसाच्या तसा पोचला नाही, किंवा पासवर्डवरून किल्ली काढायची कृती दोन्ही वेळा सारखी नव्हती. तिन्ही गोष्टी तपासता येतात. तपासायचं म्हणजे अंदाज करायचा नाही, बाइट उघडून बघायचे.

पुढच्या सगळ्या उदाहरणांसाठी एक साधं टूल धरून चालू. ते पीबीकेडीएफ२ने पासवर्डवरून किल्ली काढतं, म्हणजे हॅशची क्रिया (बाइटवरून ठरावीक लांबीचा ठसा काढणं) हजारो फेऱ्या करतं, आणि एईएस-२५६-जीसीएम या पद्धतीने फाइल एन्क्रिप्ट करतं. फाइलची मांडणी अशी: ४ बाइट टूलची खूण, १ बाइट आवृत्ती, ४ बाइट फेऱ्यांची संख्या, १६ बाइट सॉल्ट (किल्ली काढताना पासवर्डात मिसळायचे स्वैर बाइट), १२ बाइट नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), मग एन्क्रिप्ट झालेला मजकूर आणि शेवटी १६ बाइटचा टॅग, म्हणजे काही बदललेलं नाही हे पडताळायची मोहोर. बेरीज ५३.

आधी फाइल मोजा

जीसीएममध्ये मजकुराची लांबी बदलत नाही, म्हणून या टूलची कुठलीही फाइल मूळ फाइलपेक्षा बरोबर ५३ बाइटने मोठी असायला हवी. रिकामी फाइल एन्क्रिप्ट केली तर ५३ बाइटची फाइल मिळते. ओपनएसएसएलच्या ‘एन्क’ कमांडचं गणित थोडं वेगळं आहे. सुरुवातीला १६ बाइट असतात, त्यात ‘साल्टेड’ हा शब्द, दोन अंडरस्कोर आणि ८ बाइटचं सॉल्ट. सीबीसी ही १६ बाइटच्या ठोकळ्यांची पद्धत वापरली असेल तर पुढे मजकूर १६च्या पटीत भरून घेतलेला असतो. १००० बाइटची फाइल १००८ होते आणि हेडर धरून १०२४. मूळ फाइल आधीच १६च्या पटीत असेल तरी एक अख्खा ठोकळा वाढतो, म्हणजे १०२४ची १०५६ होते. बऱ्याच जणांना ही चूक वाटते. ती चूक नाही.

आकार जुळत नसेल तर पासवर्डचा विषय तिथेच संपला. आता फरक किती आहे ते पाहा, कारण त्या आकड्यावरून बहुतेक वेळा दोषी सापडतो.

फाइल साधारण २५६व्या हिश्शाने वाढली असेल, म्हणजे १ एमबीच्या फाइलमध्ये चार हजारांच्या आसपास बाइट जास्त असतील, तर कुणीतरी ती टेक्स्ट समजून हाताळली आहे. एन्क्रिप्ट झालेल्या फाइलमध्ये सगळे बाइट जवळपास सारख्याच वेळा येतात, म्हणून दर २५६ बाइटमागे एक बाइट ‘०ए’ (बाइट इथे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेत) असतो, म्हणजे नवीन ओळीची खूण. विंडोजवर सी भाषेत फाइल बायनरीऐवजी टेक्स्ट मोडमध्ये उघडून लिहिली की अशा प्रत्येक ‘०ए’च्या आधी एक ‘०डी’ घातला जातो. १०,४८,५७६ भागिले २५६ म्हणजे ४०९६. एफटीपीचा आस्की मोडही हेच करतो, आणि जुन्या सर्व्हरांवर तो अजून भेटतो. वाचताना उलटा प्रकार घडतो. विंडोजच्या टेक्स्ट मोडमध्ये ‘१ए’ हा बाइट आला की फाइल संपली असं धरलं जातं. त्यामुळे १० एमबीची फाइल उघडायला घेतली आणि प्रोग्रॅमने शे-दोनशे बाइटच वाचले, असं झालं तर आश्चर्य नको.

फाइल दुपटीच्या आसपास गेली असेल तर मी सरळ विचारतो, विंडोज पॉवरशेलमध्ये ‘>’ वापरून आउटपुट फाइलमध्ये वळवलं होतं का? विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ बाहेरच्या प्रोग्रॅमचं आउटपुट बाइट म्हणून पुढे नेत नाही. ते आधी त्याचं अक्षरांत रूपांतर करतं, ओळींत तोडतं आणि मग यूटीएफ-१६मध्ये, म्हणजे बहुतेक अक्षरांना दोन बाइट देऊन, लिहितं. फाइलचे पहिले दोन बाइट ‘एफएफ एफई’ दिसले की खात्री पटली. या रूपांतरात जे बाइट कुठल्याच अक्षराशी जुळले नाहीत त्यांची माहिती कायमची गेलेली असते, त्यामुळे अशी फाइल उलट्या कृतीने दुरुस्त होईल अशी आशा ठेवू नका. पॉवरशेल ७.४पासून बाहेरच्या प्रोग्रॅमचे बाइट तसेच्या तसे जातात. तरी माझं मत असं की टूलला आउटपुट फाइलचं नाव पर्याय म्हणून द्यायची सोय असावी आणि विंडोजच्या लोकांना तीच शिकवावी. स्टँडर्ड आउटपुटवर लिहायचंच असेल तर पायथनमध्ये ‘सिस.एसटीडीआउट’वर नाही, त्याच्या ‘बफर’वर लिहायचं.

आकार नेमका जुळतो पण फाइल उघडत नाही, असं असेल तर दोन्ही टोकांना फाइलचा शा-२५६ हॅश काढून तुलना करा. लिनक्सवर ‘शा२५६सम’, विंडोजवर ‘सर्टयुटिल’. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि त्यानंतर ‘फाइल वाटेत बिघडली असेल’ ही शंका उरत नाही.

टाइप केलेला पासवर्ड आणि पोचलेला पासवर्ड

आता सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार. फाइल एन्क्रिप्ट केली, लगेच डिक्रिप्ट करून पाहिली, उघडली. टर्मिनल बंद केलं. दुसऱ्या दिवशी तीच कमांड दिली तर उघडत नाही. अक्षरही बदललेलं नाही.

पासवर्ड कमांडमध्येच दुहेरी अवतरणात लिहिला होता, आणि त्यात दोन डॉलर होते. समजा ‘कोकण$$२४’. बॅश या शेलमध्ये (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दुहेरी अवतरणाच्या आतसुद्धा डॉलरचा अर्थ लावला जातो, आणि ‘$$’ म्हणजे त्या शेलचा प्रोसेस क्रमांक. म्हणजे खरा पासवर्ड ‘कोकण५८१३२४’ किंवा असाच काहीतरी झाला. त्या खिडकीत शेल तोच असतो, म्हणून फाइल उघडते. खिडकी बंद झाली की क्रमांक बदलला आणि पासवर्डही बदलला. एकेरी अवतरणं वापरली असती तर हे घडलं नसतं.

ही फाइल वाचवता येते, हे चांगलं. जुन्या लिनक्सवर प्रोसेस क्रमांकाची कमाल मर्यादा सहसा ३२,७६८ असते, तेव्हा सगळे क्रमांक घालून बघायचे. एका पासवर्डला एक तृतीयांश सेकंद लागत असेल तर तीन तासांत काम होतं. अलीकडच्या ६४-बिट यंत्रणांवर ती मर्यादा बहुधा ४१,९४,३०४ असते. तिथे एका कोअरवर सोळा दिवस लागतील, आठ कोअरांवर दोन. फाइल महत्त्वाची असेल तर दोन दिवस थांबायला हरकत नाही.

याचाच लहान भाऊ म्हणजे ‘पुणे$१२३’ (आकडे रोमन धरा). इथे शेल ‘$१’ हे पहिलं पॅरामीटर समजतो. ते रिकामं असतं, आणि पासवर्ड ‘पुणे२३’ होतो. हा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो रोज तसाच्या तसा घडतो. सगळं सुरळीत चालतं, आणि एके दिवशी कुणीतरी तोच पासवर्ड टूलने विचारल्यावर हाताने टाइप करतो. तेव्हा डॉलर आणि १ जसेच्या तसे पोचतात आणि फाइल उघडत नाही.

तसाही पासवर्ड कमांडमध्ये लिहूच देऊ नये. शेलच्या हिस्टरीत तो राहतो, आणि टूल चालू असताना त्याच मशीनवरच्या दुसऱ्या माणसाला प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. पायथनच्या ‘गेटपास’ने विचारून घ्या. स्क्रिप्टमधून चालवायचं असेल तर पासवर्ड फाइलमधून वाचा.

फाइलमधून वाचताना वेगळी गंमत होते. ‘एको’ने पासवर्डची फाइल बनवली तर शेवटी एक ‘०ए’ लागतो. पायथनमध्ये ती फाइल सरळ वाचली तर तो ‘०ए’ही पासवर्डचा भाग होतो. ‘गेटपास’ मात्र एंटरचं बटण पासवर्डमध्ये धरत नाही. म्हणजे फाइलमधून एन्क्रिप्ट केलेलं हाताने उघडत नाही, आणि हाताने केलेलं फाइलमधून उघडत नाही. विंडोजवर शेवटी दोन बाइट येतात, ‘०डी ०ए’. २०१९च्या १९०३ आवृत्तीच्या आधीच्या विंडोजमध्ये नोटपॅडने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलच्या सुरुवातीलाही तीन बाइट असतात, ‘ईएफ बीबी बीएफ’. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. लिनक्सवर ‘एक्सएक्सडी’, पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ लावलं की दिसतं. टूलमध्ये शेवटचे ‘०डी’ आणि ‘०ए’ काढून टाका, पण फक्त तेच. पायथनचं ‘स्ट्रिप’ सरसकट लावलं तर कुणी मुद्दाम शेवटी दिलेली स्पेसही जाते.

मराठी पासवर्ड

परदेशी ट्यूटोरियलमध्ये हा भाग सहसा नसतो, आणि आपल्याकडे नेमका हाच लागतो. मराठीत चांगलं लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणं ही उत्तम कल्पना आहे, लक्षात राहतं आणि शब्दकोशावर चालणाऱ्या तयार यादीत बहुधा नसतं. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. पडद्यावर एकच दिसणारा हा शब्द आत तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोड क्रमांक ०९३१, पुढे हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मग न दिसणारा जॉइनर, क्रमांक २००डी. यूटीएफ-८मध्ये पहिला शब्द २१ बाइटचा, उरलेले दोन्ही २४ बाइटचे, आणि त्या दोघांतही बाइट वेगळे. किल्ली बाइटवरून निघते, डोळ्यांना काय दिसतं त्यावरून नाही. घरच्या लॅपटॉपवरचा कीबोर्ड एक मार्ग घेतो, फोनवरचा दुसरा, आणि फाइल फोनवर उघडत नाही.

युनिकोडचं एनएफसी नावाचं सामान्यीकरण लावलं की पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात. ‘र’ आणि नुक्ता मिळून ‘ऱ’ बनतो. तिसरा मात्र सुटतो, कारण युनिकोडच्या लेखी जॉइनरवाला ‘र’ आणि ‘ऱ’ यांचं काही नातं नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही असंच आहे. ०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत होते, आणि अजूनही लिहितात. एनएफसी या दोघांनाही एक करत नाही. आकडेही लक्षात ठेवा: देवनागरी पाच आणि रोमन पाच हे संगणकासाठी निरनिराळे आहेत.

पासवर्डसाठीचं आरएफसी ८२६५ हे २०१७चं प्रमाण एनएफसी लावायला सांगतं. मराठीसाठी मी त्यापुढे तीन गोष्टी करतो. ‘र’, हलन्त आणि जॉइनर ही तिघं एकत्र दिसली की त्यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचे. ‘अ’ आणि चंद्र एकत्र आले की ०९७२ करायचं. मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाकायचे. क्रम महत्त्वाचा आहे. जॉइनर आधी काढले तर पहिली जोडी ओळखताच येणार नाही. एक सावधगिरी: हे बदल चालू टूलमध्ये घातले तर जुन्या पासवर्डांतून निघणारी किल्ली बदलते. त्यामुळे आवृत्तीचा बाइट वाढवा आणि जुन्या आवृत्तीच्या फाइलना जुनाच नियम लावा.

कृती बदलली

पीबीकेडीएफ२ची फेऱ्यांची संख्या कोडमध्ये वर एका ओळीत लिहिलेली असते. सुरुवातीला १,००,००० होती. मग कुणीतरी वाचतं की ओवास्प ही सॉफ्टवेअर सुरक्षेबद्दल मार्गदर्शन करणारी संस्था शा-२५६सोबत ६,००,००० सुचवतं, आणि आकडा बदलतं. बदल योग्यच आहे. पण त्या क्षणापासून आधीची प्रत्येक फाइल ‘इनव्हॅलिड टॅग’ देऊ लागते. कारण नवं टूल जुन्या फाइलवरही सहा लाख फेऱ्या मारतं आणि वेगळीच किल्ली काढतं. आपल्या मांडणीत फेऱ्यांसाठी ४ बाइट ठेवलेत ते म्हणूनच. पासवर्ड सोडून उघडायला जे जे लागतं ते सगळं फाइलने स्वतःसोबत बाळगलं पाहिजे.

ओपनएसएसएलची ‘एन्क’ कमांड नेमकं इथेच कमी पडते. तिच्या हेडरमध्ये फक्त सॉल्ट असतं. कुठला हॅश, किती फेऱ्या, कुठलं सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत), यातलं काही नसतं. ऑगस्ट २०१६मध्ये आलेल्या १.१.० आवृत्तीत किल्ली काढायचा मूळ हॅश एमडी५वरून शा-२५६ झाला. त्याआधीच्या फाइल नव्या मशीनवर ‘बॅड डिक्रिप्ट’ देतात, त्या उघडायला ‘-एमडी एमडी५’ हा पर्याय द्यावा लागतो. सप्टेंबर २०१८च्या १.१.१मध्ये ‘-पीबीकेडीएफ२’ आणि ‘-इटर’ आले, आणि ते न वापरल्यास किल्ली काढायची जुनी पद्धत वापरली जात असल्याची सूचना दिसू लागली. लोक ती सूचना बघून एन्क्रिप्टच्या कमांडमध्ये ‘-पीबीकेडीएफ२’ घालतात आणि डिक्रिप्टच्या स्क्रिप्टमध्ये घालायला विसरतात. आकडा न देता हा पर्याय दिला तर १०,००० फेऱ्या होतात. मॅकवर याच नावाच्या कमांडमागे लिब्रेएसएसएल (ओपनएसएसएलपासून वेगळी झालेली शाखा) असतं, आणि जुन्या मॅकवरच्या आवृत्तीला ‘-पीबीकेडीएफ२’ समजतच नाही. जुनी फाइल हाती आली तर पर्यायांची जोडणी थोडीच असते: हॅश दोनपैकी एक, पीबीकेडीएफ२ आहे किंवा नाही, फेऱ्यांचे दोन-चार ठरलेले आकडे. एक छोटा लूप लिहून सगळ्या जोड्या करून बघा.

फेऱ्यांचा आकडा हेडरमध्ये लिहिला तरी एक खोडी उरते. पायथनने आकडा लिट्ल-एंडियन (धाकटा बाइट आधी) लिहिला आणि गो भाषेतल्या टूलने बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) वाचला, तर फाइल ‘उघडत नाही’ असं होत नाही, टूल लटकतं. सहा लाख हा आकडा हेक्समध्ये ‘०० ०९ २७ सी०’ असा आहे. उलट्या क्रमाने वाचला की तो ३,२२,३७,८३,६८० होतो. तीनशे बावीस कोटी फेऱ्या मारत ते टूल अर्धा तास बसतं, आणि लोक म्हणतात हँग झालं. बाइटचा क्रम कोडमध्ये स्पष्ट लिहा, आणि फेऱ्यांना वरची मर्यादा घाला, म्हणजे कुणी मुद्दाम बिघडवलेल्या हेडरनेही टूल अडकणार नाही. शिवाय हे पूर्ण हेडर जीसीएमला ‘असोसिएटेड डेटा’ म्हणून द्या. एन्क्रिप्ट होत नसलं तरी टॅगच्या हिशोबात ते धरलं जातं.

दोन भाषांत टूल असेल तर टॅगची जागाही तपासा. पायथनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी, जावा आणि गो टॅग मजकुराच्या शेवटी जोडून देतात. नोडमध्ये तो वेगळा मागून घ्यावा लागतो, आणि मागितला नाही तर फाइल १६ बाइटने तोकडी राहते. आकार मोजताना हे लगेच पकडलं जातं.

पायथनमध्ये पीबीकेडीएफ२ऐवजी ‘एसक्रिप्ट’ (scrypt) ही किल्ली काढायची पद्धत वापरणाऱ्यांना ‘मेमरी लिमिट एक्सीडेड’ ही एरर भेटते. पासवर्डशी तिचा संबंध नाही. ओपनएसएसएलची मूळ मर्यादा ३२ एमबीची आहे आणि किती मेमरी लागेल ते ठरवणारे आकडे एन ३२,७६८, आर ८ घेतले की ती ओलांडली जाते. ‘मॅक्समेम’ला ६४ एमबी द्या, झालं.

टेस्ट पास होतात, तरी हे सगळं घडतं

बहुतेक टूलांची टेस्ट एकच असते: एन्क्रिप्ट करा, डिक्रिप्ट करा, मूळ फाइलशी जुळलं की पास. ही टेस्ट लागते, पण वर सांगितलेल्या दोषांपैकी जवळपास एकही ती पकडत नाही. त्याच मिनिटाला, त्याच कोडने, त्याच मशीनवर, त्याच पासवर्डने दोन्ही बाजू चालतात. फेऱ्यांचा आकडा बदलला तर दोन्हीकडे बदलतो. बाइटचा क्रम उलटा असेल तर दोन्हीकडे उलटा.

त्यावर उपाय जुन्या फाइलचा. प्रत्येक आवृत्तीने बनवलेली एक छोटी एन्क्रिप्टेड फाइल, तिचा पासवर्ड आणि मूळ मजकूर कोडसोबत जतन करून ठेवा. टेस्टने ती फक्त डिक्रिप्ट करून बघायची, पुन्हा बनवायची कधीच नाही. फेऱ्यांचा आकडा कुणी बदलला तर ही टेस्ट त्याच दिवशी लाल होते. एक फाइल ‘दुसऱ्या’ असलेल्या मराठी पासवर्डची ठेवा आणि तिन्ही रूपांनी उघडून बघा. गिटमध्ये ठेवताना या फाइल बायनरी आहेत हे ॲट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. बेस६४मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेल्या, असतील तर हे जास्तच गरजेचं, कारण विंडोजवर गिट त्यांना टेक्स्ट समजून ओळींचे शेवट बदलू शकतं.

चुकीच्या पासवर्डची टेस्ट तर हवीच, आणि इथे एक जुना चावरा दोष आहे. टेस्ट लिहिली, चुकीच्या पासवर्डने एरर यायला हवी. रोज पास होते. महिन्यातून एकदा फेल होते, पुन्हा चालवली की पास. टीममध्ये ‘परत रन कर, होतं कधीकधी’ असं म्हणायची सवय लागते. टूल जर टॅग किंवा एचमॅक (किल्ली वापरून काढलेली तशीच मोहोर) नसलेलं सीबीसी वापरत असेल तर हे होणारच. सीबीसीत चुकीची किल्ली ओळखायचा एकच मार्ग असतो, शेवटच्या ठोकळ्याचं पॅडिंग (भर घातलेले बाइट) बरोबर दिसतं का. चुकीच्या किल्लीने तो ठोकळा म्हणजे निव्वळ कचरा निघतो, आणि कचऱ्याचा शेवटचा बाइट ‘०१’ असण्याची शक्यता २५६त एक. तेवढं जमलं की पॅडिंग बरोबर मानलं जातं. शेवटी ‘०२ ०२’ वगैरे शक्यता मिळवल्या की साधारण २५५त एक. टेस्ट दिवसातून दहा वेळा चालत असेल तर पंचवीस-सव्वीस दिवसांतून एकदा चुकीचा पासवर्ड ‘चालतो’ आणि हातात कचरा येतो. टेस्टचं म्हणणं खरं आहे. दुरुस्ती टूलमध्येच करायची: जीसीएमवर जा, किंवा एन्क्रिप्ट केल्यानंतरच्या बाइटवर एचमॅक लावा.

लांब्या निवडतानाही थोडा विचार करा. ०, १, १५, १६, १७ बाइट हव्यातच. पायथनच्या एईएसजीसीएम क्लासला एका वेळी २ जीबीच्या वर डेटा चालत नाही, म्हणून मोठ्या फाइलसाठी तुकडे करावेच लागतात. तुकडा ६४ केबीचा असेल तर ६५,५३५, ६५,५३६ आणि ६५,५३७ या तिन्ही लांब्या तपासा. तुकड्यांसोबत नवा धोका येतो. प्रत्येक तुकड्याचा टॅग बरोबर असूनही शेवटचा तुकडा कुणी कापून टाकला, किंवा दोन तुकड्यांची अदलाबदल केली, तर टूलला कळतं का? एज हे तयार एन्क्रिप्शन टूल ६४ केबीचेच तुकडे घेतं, तुकड्याचा अनुक्रम नॉन्समध्ये घालतं आणि शेवटच्या तुकड्यावर वेगळी खूण ठेवतं. तीच कल्पना उचला. टेस्टमध्ये शेवटचा तुकडा मुद्दाम कापा आणि एरर येते का बघा. त्याचबरोबर खूण, फेऱ्या, सॉल्ट, नॉन्स, मजकूर, टॅग या प्रत्येक भागातला एकेक बिट उलटा करून सहा फाइल बनवा. सहाही नाकारल्या गेल्या पाहिजेत, आणि टूलचा एक्झिट कोड शून्य नसला पाहिजे. एरर छापून शून्य परत करणारं टूल सगळ्यात घातक, कारण पुढची स्क्रिप्ट ‘झालं’ समजून मूळ फाइल उडवते.

इनपुट आणि आउटपुटचं नाव एकच दिलं तर काय होतं, तेही करून बघा. आउटपुटची फाइल आधी उघडली गेली तर मूळ फाइल वाचायच्या आधीच शून्य बाइटची होते. टूलने तात्पुरत्या नावाने लिहावं, शेवटचा टॅग जुळल्यावरच ‘ओएस.रिप्लेस’ने खरं नाव द्यावं. डिक्रिप्ट करतानाही हेच, नाहीतर खात्री न झालेला अर्धा मजकूर डिस्कवर पडतो आणि कुणीतरी तो वापरतो.

हे सगळं शिकण्यासाठी छान आहे. खऱ्या पगारपत्रकांना मी एज किंवा जीएनयूपीजी ही तयार टूलं वापरतो, स्वतःचं टूल नाही.

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘उघडत नाही’ एवढ्यावर कुणाला काही सांगता येत नाही. मूळ आणि एन्क्रिप्टेड फाइलचे नेमके आकार द्या, दोन्ही मशीनवरच्या ओपनएसएसएल आणि पायथनच्या आवृत्त्या द्या, दिलेली कमांड जशीच्या तशी द्या, फक्त पासवर्डच्या जागी दुसरं काहीतरी लिहून. पासवर्डात डॉलर, उद्गारचिन्ह किंवा देवनागरी अक्षर आहे का, तेवढं सांगा. सॉल्ट, नॉन्स आणि फेऱ्यांची संख्या गुप्त नसते, त्यामुळे हेडरचे पहिले ३७ बाइट हेक्समध्ये दाखवायला काहीच हरकत नाही.